आज बसा, परवा न्या

आमच्या ह्यांना घाईचं व्यसन होतं. दुसऱ्या बायकांच्या नवऱ्यांना तंबाखू असते, पत्ते असतात, आमच्याकडे घाई होती. जेवायची घाई, बोलायची घाई, देवाला नमस्कारसुद्धा असा उरकायचे की देवानं डोळे उघडेपर्यंत हे चपला घालून रस्त्यावर. आणि धंदा कुठला निवडला तर फोटोग्राफीचा. त्यात फोटो आधी काचेवर उतरायचा, ती काच धुवायची, वाळवायची, मग उन्हात कागदावर छापायची, कागद पुन्हा धुवायचा, पुन्हा वाळवायचा. मांजरानं दुधाच्या दुकानात नोकरी धरावी तसलाच प्रकार.

बुऱ्हाणपूरच्या शनवारा भागात आमचं दुकान होतं. मागे काचेच्या छपराची खोली आणि पुढे दारावर पाटी: ‘दिगंबर फोटोग्राफर. आज बसा, परवा न्या.’ हा परवा म्हणजे ह्यांचा जीव की प्राण. बाकीचे फोटोवाले महिना महिना लावायचे, एखादा तर लग्नाचा फोटो बारशाला द्यायचा. ह्यांचं म्हणणं, फोटो म्हणजे गरम पोळी, तव्यावरून ताटात पडली पाहिजे. गिऱ्हाईक तिसऱ्या दिवशी आलं आणि त्याच्या हातात तयार फोटो पडला, की त्या माणसापेक्षा ह्यांचाच चेहरा जास्त उजळायचा. मला ते बघायला आवडायचं, हे मी कधी त्यांना सांगितलं नाही. आधीच डोक्यावर बसलेल्या माणसाला शिडी कशाला द्या.

माझं काम बायकांना बसवायचं. पदर सारखा करायचा, हनुवटी वर धरायची, भीती घालवायची. दुकानात मी असायची म्हणूनच चांगल्या घरच्या बायका फोटोला यायच्या, नाहीतर परक्या पुरुषानं काळ्या कपड्यात डोकं खुपसून आपल्याकडे बघत राहायचं म्हणजे कुणाला आवडेल?

तर जर्मनशी लढाई चालली होती त्याचं ते शेवटचं वर्ष. वैशाखातलं ऊन असं की बुऱ्हाणपूरची कुत्रीसुद्धा रस्ता ओलांडायला संध्याकाळची वाट बघायची. अशा उन्हात जवळच्या फोपनार गावाहून लीलाधर आपल्या आईला बैलगाडीत घालून आला. कापसाची शेती असलेला, अंगानं दांडगा आणि मनानं साधा माणूस. आईचं नाव भागाबाई. सुकलेली, पण काटक म्हातारी. डोळे मात्र असे, की आपण काय लपवलंय ते त्यांना आधीच ठाऊक.

लीलाधर ह्यांना म्हणाला की तो लहान असताना बाप गेला, आणि कितीही डोळे मिटले तरी बापाचं तोंड आता आठवत नाही. मिशा आठवतात, पागोटं आठवतं, मध्ये तोंडाच्या जागी काही नाही. आईचं तसं व्हायला नको. हे सगळं तो आईच्या समोर बोलला. पुरुषांना काही गोष्टी कुणासमोर बोलू नयेत हे कळत नाही, त्याला इलाज नाही.

भागाबाई खुर्चीवर बसली ती दात उपटायला आणल्यासारखी. मुठी आवळलेल्या, ओठ मिटलेले. मी पदर नीट केला, म्हटलं, जरा मोकळं बसा. ती काही मोकळी झाली नाही. ह्यांनी फोटो काढला, लीलाधरला म्हणाले, आज बसवलं, परवा न्या. लीलाधर खूश झाला. म्हातारीनं ‘परवा’ ऐकलं आणि तिचा चेहरा पडला.

दुसऱ्याच दिवशी सकाळी ती एकटी आली. गावातल्या कुणाच्या तरी गाडीतून, वैद्याकडे जाते सांगून. हे कोपऱ्यावर गेले होते. ती उंबऱ्याच्या आत आली, इकडेतिकडे बघितलं आणि जमिनीवर माझ्यापाशी टेकली.

“बाई, एक मागते,” ती म्हणाली. “तो फोटो देऊ नको.”

मग तिनं सगळं सांगितलं. त्यांच्या शेजारच्या मालूबाईचा फोटो काढला होता. तो घरी आला, खुंटीला लावला आणि महिना भरायच्या आत मालूबाई गेली. फोटो खुंटीवर होताच, वरून फक्त हार घातला. त्याच्या आधी पाटलाच्या बापाचं असंच झालं. त्याच्याही आधी कुणाचं तरी. फोपनारात ज्यांच्या घरी म्हणून फोटो होते, ते सगळे मेलेल्यांचेच होते. गावात म्हणच पडली होती, की ज्याचा फोटो घरी आला तो भिंतीवर गेला.

माझ्या ओठावर आलं होतं की अहो, म्हाताऱ्या माणसाला ढास लागली की मगच पोरांना फोटो सुचतो, मग त्यात फोटो बिचारा काय करणार. पण असलं शहाणपण भीतीपुढे चालत नाही. भीतीला कान नसतात. मी गप्प राहून ऐकलं, आणि ऐकलं ते बरं झालं, कारण खरी गोष्ट पुढेच होती.

तिचा धाकटा, भिकन, पलटणीबरोबर समुद्रापार बसऱ्याला लढाईवर गेला होता. लढणारा शिपाई नव्हे, खेचरं सांभाळायला. जाताना आईला सांगून गेला नव्हता, कारण सांगितलं असतं तर तिनं जाऊ दिलं नसतं. त्याची खबर कधी यायची, कधी यायची नाही. गावातले लोक आता त्याचं नाव तिच्यासमोर घेईनासे झाले होते.

“तो न सांगता गेला,” ती म्हणाली. “आला अन् मी नसली तर त्याले जन्मभर लागीन. तो येईपावतर मले जगायचं आहे. तो आला की मग देऊन टाक फोटो. मग मी भिंतीवर जाईन, नाहीतर नदीवर जाईन, काही म्हणणं नाही.”

मी म्हटलं, हे लीलाधरला सांगा ना. ती म्हणाली, तो हसेल. आणि हसला नाही तर त्याहून वाईट, त्याला वाटेल आपण आईचं मरण विकत घ्यायला गेलो. चांगला पोरगा आहे, त्याला कशाला. मी तिच्या हातावर हात ठेवून वचन दिलं. ती उठली तेव्हा पाठ जरा सरळ झालेली होती.

वचन देणं सोपं, पण आता घरातल्या घाईला आवर घालायचा होता. ‘परवा’ हे ह्यांचं दैवत, त्यालाच हात लावायचा म्हणजे भांडण नक्की. दुपारभर मी मनात वाक्यं जुळवली. संध्याकाळी जेवायला वाढताना सगळं सांगितलं. हे पानावरून मान वर न करता म्हणाले, “बरं. नाही देत.”

एवढंच. लग्न झाल्यापासून माझं एकही म्हणणं इतक्या लवकर ह्यांनी कबूल केलं नव्हतं. मला वाटलं, नाही म्हटलं तरी माणसाला काळीज आहे. त्या रात्री मी ह्यांना तूप जास्त वाढलं. मूर्ख ती मूर्खच.

तिसऱ्या दिवशी लीलाधर आला. मी सांगितलं, लढाईमुळे फोटोच्या कागदाला लावायचा मसाला मुंबईहून आला नाही. ते अगदीच खोटं नव्हतं, मसाल्याची टंचाई होतीच. तो गेला. पुन्हा आला. मी म्हटलं मसाला आला, पण कागद ओलावलेला निघाला. तो पुन्हा आला तेव्हा काय सांगितलं ते आता आठवतही नाही. दर बाजाराला लीलाधर यायचा, बाहेरच्या बाकावर बसायचा आणि माझ्या तोंडाकडे बघायचा. हे त्याची गाडी दिसली की मागच्या दारानं नदीकडे निघून जायचे. मी मनात म्हणायची, वचन मी दिलं आणि लाजतात हे. किती भला माणूस.

शेवटी एकदा लीलाधरचा तोल सुटला. भर रस्त्यात उभा राहून ओरडला की ही पाटी कायले लावली, कायका परवा, कोणता परवा, माझ्या आईचा फोटो खाल्ला का तुम्ही. शनवाऱ्यातल्या दुकानदारांना तेवढंच हवं होतं. तेव्हापासून गल्लीत म्हणच झाली. कुणी उधारी मागितली की दुसरा म्हणायचा, देतो, दिगंबरच्या परवाला. ह्यांनी पाटी काढून आत ठेवली. कुणी विचारलं तर रंगवायला काढलीय म्हणायचे. घरात मात्र ह्यांचा आवाज खाली आला. जेवायला हळू बसू लागले. मला वाईट वाटायचं, आणि अभिमानही वाटायचा. एका म्हातारीच्या भीतीसाठी हा माणूस आपली अब्रू देतोय.

दसरा झाला आणि मानमोडी तापाची साथ आली. ज्यांनी ती बघितली नाही त्यांना सांगून पटणार नाही. सकाळी बाजारात भेटलेला माणूस संध्याकाळी तापीच्या घाटावर. लाकडं पुरेनात. आमच्या गल्लीतली तर कितीतरी घरं बंद झाली. लोक ह्यांना बोलवायला यायचे, गेलेल्या माणसाला भिंतीला टेकवून बसवायचे आणि म्हणायचे, एवढा तरी काढा. हे जायचे. घरी येऊन हात धूत राहायचे.

अशात एका सकाळी लीलाधर आला. ओरडला नाही. बाकावरही बसला नाही, पायरीवर बसला.

“वहिनी, आई चालली,” तो म्हणाला. “काल सकाळपासून पाणी घेत नाही. आता तरी द्या. मले बापाचं तोंड आठवत नाही, आईचं तरी राहू द्या.”

एवढा दांडगा माणूस, खांदे हलवून रडायला लागला. मी आधी विचारलं, ताप कधीपासून. तो म्हणाला, ताप येऊन बरेच दिवस झाले, पण म्हातारी पेज घेत होती, बोलत होती. भिकनचं विचारत होती. परवा रात्री त्यानंच तिला धीर द्यायला म्हणून सांगितलं की आई, तू काळजी करू नको, मी बुऱ्हाणपूरला जातो आणि तुझा फोटो घेऊनच येतो. तेव्हापासून तिनं भिंतीकडे तोंड केलं आणि पाणी बंद केलं.

पोरानं प्रेमानं सांगितलं, आणि म्हातारीनं ऐकलं की बोलावणं निघालं. ती आता फोटोची वाट बघत पडली होती. दारात गाडी वाजली की संपलं.

मी आत गेले. हे काचा धुवायच्या काळ्या खोलीच्या दाराशी उभे होते, सगळं ऐकलेलं होतं. मी म्हटलं, काय करायचं ते तुम्ही सांगा. फोटो दिला तर ती जाईल. नाही दिला आणि ती गेली तर ह्या पोराजवळ काही राहणार नाही. माझं डोकं चालत नाही. निदान एक छापून तरी ठेवू, ती काच काढा.

हे खोक्यावर बसले. म्हणाले, “काच नाही.”

मला वाटलं सापडत नसेल. मग त्यांनी सांगितलं, आणि एवढं सावकाश बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. उन्हाळ्यात आमच्याकडे काचा पहाटे धुवायच्या, कुंडीचं पाणी रात्रभर निवलं की मग. हा ह्या धंद्यातला आमच्या गावचा नेम. दुपारच्या पाण्यात काच घातली तर तिच्यावरचा थर वितळतो. हे त्यांनीच मला शिकवलं होतं. पण त्या दिवशी परवाचा शब्द दिला होता, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कुठल्याशा वरातीचं काम होतं. म्हणून पहाटेपर्यंत थांबवलं नाही. भागाबाई गाडीत बसून गावाच्या वेशीबाहेर जाते न जाते तोच ह्यांनी काच पाण्यात घातली. चेहरा उमटला, छान उमटला, म्हणाले. आणि मग दुधावरची साय सरकावी तसा काचेवरून सरकला आणि घमेल्यात गेला.

“दुसऱ्या दिवशी लीलाधरकडे जाऊन सांगणार होतो,” हे म्हणाले. “तेवढ्यात तूच ते वचन घेऊन आलीस. मला वाटलं देवच पावला.”

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्या जास्तीच्या तुपाचा हिशेबही काढला. बाहेर पायरीवर लीलाधर रडत होता म्हणून आवाज दाबून बोलावं लागलं, त्याचा राग वेगळाच. माझं संपलं तेव्हा हे उठले आणि कॅमेरा उचलायला लागले. म्हणाले, मी आत्ता फोपनारला जातो, जीव आहे तोवर दुसरा काढतो, आज रात्रीच छापतो.

“पुन्हा घाई,” मी म्हटलं. “तुमचा तो काळा कपडा दिसला की ती तिथेच डोळे मिटेल.”

हे कॅमेरा खाली ठेवून उभे राहिले. आणि त्यांच्या त्या रिकाम्या हातांकडे बघता बघता मला सुचलं. म्हातारी कशाला भीत होती? फोटो घरी येईल ह्याला. आणि फोटो तर नव्हताच. जगात कुठेच नव्हता. तिच्या मरणाची जी चिठ्ठी निघाली असं तिला वाटत होतं, ती वैशाखातच घमेल्यात वाहून गेली होती. फक्त तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मी लुगडं सारखं केलं आणि लीलाधरला म्हटलं, गाडी जोड, मी येते. हे म्हणाले, मीही येतो. मी म्हटलं, या, पण जे सांगायचं ते तुम्हालाच सगळ्यांसमोर सांगावं लागेल. ह्यांनी मान हलवली. लीलाधरनं विचारलं, फोटो कुठाय. मी म्हटलं, जे काही आहे ते आईलाच सांगते. बिचाऱ्यानं पुढे विचारलं नाही. वाटेत दोन्ही बाजूंना कापूस फुटून उभा होता, वेचायला माणूस नाही. अख्ख्या रस्त्यात ह्यांनी एकदाही बैल हाकायला सांगितलं नाही.

घरात अंधार होता. बायका कोपऱ्यात बसल्या होत्या, त्यांचे चेहरे बघूनच कळलं की त्या आता फक्त वाट बघतायत. भागाबाई खाटेवर, तोंड भिंतीकडे. मी वाकले, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

“भागाबाई, फोटो नाही आणला. फोटो नाहीच. काच त्याच दिवशी बिघडली. तुमचा फोटो कधी झालाच नाही.”

ती हलली नाही. मला वाटलं उशीर झाला. मग तिचे डोळे उघडले आणि हळूहळू मान इकडे वळली.

“खरं?”

“ह्यांना विचारा.”

हे दारात उभे होते. शनवाऱ्यात पाटी लावून परवाची बढाई मारणारा माणूस, त्याच्यासमोर अर्धं फोपनार. ह्यांनी टोपी काढली. म्हणाले, “खरं आहे आई. मी घाई केली. माझ्या हातानं धुऊन गेला. तुमचा काही फोटो नाही.”

लीलाधरला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तसा तो उठला आणि त्यानं ह्यांच्या कोटाची गळपट्टी धरली. एवढे महिने मला फिरवलं, म्हणाला, अन् आज माझी आई मरायला टेकली तेव्हा सांगता. ह्यांनी हात वर केला नाही. मारलं असतं तरी त्यांनी घेतलं असतं, हे मला दिसत होतं, आणि तेवढ्यापुरता माझा राग गेला.

तेव्हा खाटेवरून आवाज आला. बारीक होता, पण घरातल्या सगळ्यांनी ऐकला.

“सोड त्याले, लीलाधर. अन् मले पाणी दे.”

लीलाधरनं गळपट्टी सोडली आणि पाण्याचा गडू आणला. तिनं घेतलं. थांबली, पुन्हा घेतलं. कोपऱ्यातली एक बाई रडायला लागली, बाकीच्या तिला गप्प करता करता स्वतःच रडल्या. मी खाटेच्या पायाशी खाली बसले. इतकं हलकं मला माझ्या पोरांच्या जन्मालाही वाटलं नव्हतं.

ताप काही त्या क्षणी उतरला नाही. नंतरही बरेच दिवस होता, आणि त्या गावात पाणी पिऊनही माणसं गेलीच. मी काही वैद्य नाही. मी बघितलं तेवढं सांगते: सकाळी जी भिंतीकडे तोंड करून पडली होती, तिनं दिवेलागणीला पेज मागितली, आणि त्यात मीठ कमी आहे म्हणून सुनेला बोलली. सुनेनं ते बोलणं प्रसादासारखं घेतलं.

अंगणात मी लीलाधरला वचनाचं सगळं सांगितलं. “मले कायले नाही सांगितलं तिनं?” त्यानं विचारलं. मी म्हटलं, तू हसला असतास म्हणून. तो म्हणाला, हो, हसलो असतो. मग आत जाऊन त्यानं ह्यांना चहा दिला. माफी नाही मागितली, मागायचं कारणही नव्हतं.

परतताना गाडीत हे एकदम हसायला लागले. पोट धरून हसले. चारचौघांत नाक कापलं गेल्यावर इतका खूश झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. म्हणाले, चांगला फोटो काढून आजपर्यंत कुणाला जगवलं नाही, बिघडवून एकीला जगवलं. मी म्हटलं, बढाई पुरे. पण मीही हसले.

होळी झाल्यावर भिकन आला. काळाकुट्ट झालेला, एक पाय जरा ओढत चालणारा, पण सबंध. म्हातारीनं त्याला आधी शिव्या दिल्या, मग जेवू घातलं आणि मग तिसऱ्या दिवशी दोघा पोरांना घेऊन ती शनवाऱ्यात आमच्या दारात उभी राहिली. ह्यांना म्हणाली, आता काढ तुले जेवढे काढायचे तेवढे.

भिकनच्या शेजारी तिला बसवलं. तेव्हा फोटोला श्वास धरून दगडासारखं बसावं लागायचं. भिकन बसला, पलटणीत शिकला होता. म्हातारी काही केल्या बसेना. ह्यांनी कॅमेऱ्याचं झाकण काढलं की तिची मान भिकनकडे. पुन्हा बसवलं, पुन्हा तेच. शेवटी ह्यांनी तसाच काढला. सकाळची वेळ होती, कुंडीचं पाणी अजून गार होतं, म्हणून काच लगेच धुतली. त्या काचेवर भिकन मिशीच्या केसासकट स्वच्छ आला, आणि शेजारी म्हातारीच्या तोंडाच्या जागी नुसता पांढरा हेलकावा.

ह्यांना असला फोटो द्यायचा नव्हता. म्हातारी म्हणाली, असाच दे, अन् आत्ता दे. उन्हात छापला, ओला होता तसाच तिनं पदरात घेतला. लीलाधरनं तो बघितला आणि म्हणाला, आई, तुझं तोंडच नाही आलं.

“ज्याचं पाहिजे होतं त्याचं आलं,” ती म्हणाली. मग तिला लीलाधरचा पडलेला चेहरा दिसला. ती पुन्हा खुर्चीवर जाऊन बसली, आणि त्याला म्हणाली, “तू तिकडं डब्याजवळ उभा राह्य. मी तुह्याकडं पाह्यते.”

लीलाधर कॅमेऱ्याशेजारी जाऊन उभा राहिला. ह्या वेळी म्हातारी पापणीसुद्धा न हलवता बसली. मुठी उघड्या, ओठ मोकळे. ती काच ह्यांनी रात्रभर ठेवली, पहाटेच्या गार पाण्यात धुतली, सावकाश छापली, सावकाश धुतली. असा फोटो आमच्या दुकानातून आधी कधी निघाला नव्हता. बघणाऱ्याला वाटायचं म्हातारी आता काहीतरी विचारेल. तयार झाल्यावर ह्यांनी स्वतःच निरोप पाठवला की घेऊन जा.

लीलाधर आला नाही. मला वाटलं शेतीची कामं असतील. पुन्हा निरोप पाठवला. दर बाजाराला येणारा माणूस, आता आमच्या दारावरून गाडी नेताना दुसरीकडे बघायचा. पावसाळा गेला, कापूस फुटला. शेवटी एकदा मीच त्याला बाजारात गाठलं. म्हटलं, अरे, एवढा आमचा जीव खाल्लास, आणि आता तयार आहे तर नेत का नाहीस? फोटो पसंत नाही का?

तो लाजला. मी हसेन अशी त्याला भीती वाटली असावी, म्हणून इकडेतिकडे बघून हळूच बोलला.

“राहू द्या वहिनी तुमच्याजवळच. घरी आई आहे.”

मी काही आग्रह केला नाही.